पाण्याची जागा

अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या उत्तर उतारावर पडलेला थेंब वाघूरमार्गे तापीला मिळतो. दक्षिण उतारावरचा पूर्णेतून गोदावरीकडे जातो. आपला सिल्लोड तालुका असा पाणलोटाच्या माथ्यावर वसला आहे. माथ्यावरच्या गावांत पाणी बाहेरून येत नाही. पडलेलेही निघून जाते. वसतिगृहात असताना टँकरची वाट पाहण्यात आमच्या उन्हाळ्यातल्या कितीतरी सकाळी गेल्या. त्यामागचे कारण आम्हांला पुढे नकाशे वाचू लागल्यावर उमगले.

आपल्या पायाखाली बेसाल्टचे थर आहेत. अखंड काळा पाषाण पाणी मुरू देत नाही. झिजलेला मुरूम आणि भेगाळ खडक ते साठवतो. म्हणून नुसता बंधारा बांधून विहिरी भरत नाहीत. तो कोठे बांधला, यावर सारे अवलंबून असते. ती जागा गावातील वजनदार माणसाच्या शेताकडे पाहून ठरताना आम्ही पाहिली आहे.

उपग्रहाला शेत कोणाचे ते ठाऊक नसते. १९८८ मध्ये आयआरएस-१ए अवकाशात गेला, तेव्हापासून आपली भूमी भारतीय उपग्रहांतून नियमित न्याहाळली जात आहे. २००९ पासून इस्रोचे 'भुवन' सर्वांना खुले आहे. या चित्रांत नाल्यांची सरळ वळणे खडकातील भेगांचा माग देतात. अवरक्त किरणांच्या चित्रात हिरवळ लाल दिसते. मे महिन्यातील एखादी लाल रेघ खालच्या ओलाव्याची खूण असू शकते. चढउतार, माती आणि ओढ्यांचे नकाशे एकावर एक ठेवले की पाणी मुरण्याजोग्या जागा निवडता येतात.

तरीही चित्र केवळ संकेत देते. ती लाल रेघ विहिरीवर भिजवलेल्या पिकाचीही असू शकते. सरळ रेषा पाणी अडवणाऱ्या कठीण खडकाचीही असू शकते. म्हणून शिवारात जाऊन विहिरींचे थर पाहावेच लागतात.

कान्हेरीच्या भिक्षूंनी डोंगरातच पाण्याची टाकी कोरली; तेथील शिलालेख त्यांना 'पोढी' म्हणतात. २० मार्च १९२७ रोजी महाडला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, ते पाण्यावरील सर्वांचा समान हक्क सांगण्यासाठी. पहिल्या उदाहरणात जागेची पारख आहे, दुसऱ्यात न्याय. जलसंधारणाला दोन्ही हवेत. योग्य जागी मुरलेले पाणीही एकाच्याच विहिरीतून उपसले गेले, तर नकाशाचा निःपक्षपातीपणा व्यर्थ ठरतो.

माजी विद्यार्थी आणि पालकांना आमची विनंती साधी आहे. पाचशे चौरस मीटरच्या छपरावर पाचशे मिलिमीटर पाऊस पडला, तर अडीच लाख लिटर पाणी पडते. त्यातले जमेल तेवढे आपापल्या गावी मुरवावे. पावसाळ्यापूर्वी व नंतर विहिरीची पातळी मोजून चावडीवर लिहावी. आणि बंधाऱ्याची जागा ठरेल, त्या ग्रामसभेत नकाशा घेऊन उभे राहावे.