पाटल्यांची गोष्ट

आमच्या कन्येने पदवीनंतर मुंबईस, देवनारच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत, गुन्हेगारीशास्त्र व न्याय हा विषय घेऊन एम. ए. करण्याचे ठरविले, तेव्हा वैरागात आम्हां उभयतांना एकच प्रश्न जो तो विचारी : "म्हणजे पोरगी फौजदार होणार का?" बार्शी-सोलापूर रस्त्यावरचे आमचे गाव. शिक्षकाची नोकरी, नर्सिंग, नाही तर बँकेची परीक्षा, एवढ्याच वाटा आम्हांला ठाऊक. मिस्सेनंतर एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी तर काळजीच्या सुरात सुचविले की, मुलीच्या जातीने चोर-दरोडेखोरांत वावरण्यापेक्षा बी. एड. केलेले बरे. खरे सांगायचे तर आमचेही मत त्याहून फारसे वेगळे नव्हते. तरीही २०२२ साली ती गेली.

पहिल्या काही महिन्यांत तिच्याकडून जे कळले त्याने आमची समजूत हळूहळू बदलू लागली. वकिलीचा विद्यार्थी अमुक कृत्य अमुक कलमात बसते की नाही हे पाहतो. हिच्या अभ्यासात प्रश्न निराळे. आरोपीच्या पिंजऱ्यात वारंवार तीच ती माणसे का उभी राहतात? तुरुंगात त्यांचे काय होते? सुटून आल्यावर त्यांना कोण दारात उभे करते? ही संस्था १९३६ मध्ये क्लिफर्ड मॅनशार्ट या अमेरिकन मिशनऱ्याच्या पुढाकाराने, नागपाड्याच्या गजबजलेल्या वस्तीत, समाजकार्याचे शिक्षण देणारी शाळा म्हणून सुरू झाली आणि १९५४ मध्ये देवनारला आली. वॉल्टर रेकलेस हे अमेरिकन गुन्हेगारीशास्त्रज्ञ १९५१-५२ च्या सुमारास संयुक्त राष्ट्रसंघातर्फे भारतात आले होते. तुरुंगाधिकाऱ्यांना या विषयाचे पद्धतशीर शिक्षण द्यावे, या विचाराने तेव्हा मूळ धरले. पुढे १९९० मध्ये याच विभागातून 'प्रयास' हा प्रकल्प निघाला आणि समाजकार्यकर्ते पोलीस ठाण्यांत व तुरुंगांत नियमित जाऊ लागले.

वर्गातील व्याख्यानांइतकेच महत्त्व तेथे क्षेत्रकार्याला असे. कन्येच्या वाट्याला एक कारागृह आले. पहिल्या दिवशी परतल्यावर तिने फोनवर फक्त "दमले" एवढेच सांगितले. मग एकेक कळत गेले. कोणाच्या घरचा पत्ता शोधायचा, कोणाच्या आईला पत्र लिहायचे, कोणाच्या वकिलाचा ठावठिकाणा काढायचा. जामीन मंजूर झालेला, परंतु जामीनदार मिळत नाही म्हणून महिनोन्‌महिने आत बसलेली माणसे तिने पाहिली. २०२२ च्या सरकारी आकडेवारीनुसार देशातील तुरुंगांत ५ लाख ७३ हजारांवर बंदी होते आणि त्यांपैकी ४ लाख ३४ हजारांवर कच्चे कैदी, म्हणजे ज्यांचा गुन्हा अद्याप सिद्धच व्हायचा होता असे. चारांतले तीन! शाळेत आयुष्यभर गणित शिकविणाऱ्या आम्हांला हा अपूर्णांक पचायला वेळ लागला.

त्या वर्षी नाताळच्या सुटीत ती घरी आली ती सोलापूरविषयीची टिपणे घेऊन. मुंबईत बसून तिने आमच्याच जिल्ह्याचा इतिहास वाचला होता. इंग्रज सरकारने १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला. १९११ मध्ये नवा कायदा करून तो साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानाला लागू करण्यात आला. काही जमातींत जन्माला येणे हाच गुन्हा ठरला. नावे नोंदवायची, हजेरी द्यायची, परवान्यावाचून हद्द ओलांडायची नाही. सोलापुरात अशा लोकांसाठी तारेच्या कुंपणाआड मोठी वसाहत होती आणि तेथील माणसे शहराच्या गिरण्यांत राबत. कायदा रद्द होऊन ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हे लोक 'विमुक्त' झाले, तरी सोलापुरात आजही त्या भागाला सेटलमेंट म्हणूनच ओळखतात. आम्ही शेकडो वेळा त्या बाजूने एस.टी.ने गेलो असू, पण त्या नावाचा अर्थ कधी मनात आला नव्हता.

त्या वसाहतीचा कारभार बरीच वर्षे अमेरिकन मराठी मिशनकडे होता. मिशनने तेथे मुलांना शिकविले, लोकांना कामधंद्याला लावले, आणि कुंपणही सांभाळले. त्या मंडळींच्या सेवाभावाविषयी शंका घेण्याचे कारण नाही. पण कन्येने विचारले, "पप्पा, शाळा चालवणाऱ्यांना हजेरी घेताना काय वाटत असेल?" आम्हांला उत्तर सुचले नाही.

सोलापूरच्या चार हुतात्म्यांचे पुतळे तिने लहानपणापासून पाहिलेले. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन आणि जगन्नाथ शिंदे यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याला फाशी झाली ती खुनी म्हणून. त्यांना शहराने हार घातले. सेटलमेंटमधल्यांना मात्र कोणी पुतळा उभारला नाही, असे ती म्हणाली. तरुण वयात माणसे अशी तुलना करतात. आम्ही तो विषय तेथेच सोडला.

नाताळच्या रात्री जेवताना आमच्याकडे ठरलेल्या गोष्टी निघतात. त्यांतली एक आजीच्या पाटल्यांची. १९९४ च्या उन्हाळ्यात आम्ही नोकरीनिमित्त दुसऱ्या एका गावी राहत होतो. आमच्या मातोश्री तेथे आलेल्या. एके दिवशी त्यांच्या सोन्याच्या पाटल्या दिसेनाशा झाल्या. सारे घर पालथे घातले, शेजारीपाजारी गोळा झाले. चौथ्या दिवशी कणगीतून ज्वारी काढताना फडक्यात बांधलेल्या पाटल्या हाती लागल्या! लग्नाला जाताना चोरांच्या भीतीने मातोश्रींनीच त्या लपविल्या होत्या आणि स्वतःच विसरल्या होत्या. मातोश्री हयात असताना स्वतःच ही गोष्ट रंगवून सांगत आणि पोट धरून हसत.

त्या रात्रीही हसणे झाले. कन्या हसली नाही. लहानपणी ऐकलेला एक तपशील तिला आठवत होता. "त्या दिवशी जात्याला टाकी लावायला एक बाई आली होती ना? तिचं काय झालं?"

गोष्टीत ती बाई असे, परंतु केवळ गंमतीपुरती. गावाबाहेर माळावर चार-पाच पाले पडली होती. त्यातली ती. दुपारभर अंगणात बसून तिने जाते टाकून दिले, शेरभर ज्वारी व कालवण घेऊन गेली. संध्याकाळी पाटल्यांचा शोध सुरू झाला आणि कोणीतरी म्हणाले, "टकारीण येऊन गेली की!" पुढचे आम्ही गोष्टीत कधी सांगितले नव्हते. त्या रात्री सांगावे लागले. तक्रार आम्ही दिली. संशय कोणावर, या प्रश्नाचे उत्तर आम्हीच दिले. रात्रीच पोलिसांनी पालावरून तिच्या नवऱ्याला आणि मिसरूड न फुटलेल्या मुलाला नेले. दुसऱ्या दिवशी ती बाई आमच्या दारात येऊन उभी राहिली. आम्ही दार उघडले नाही.

पाटल्या चौथ्या दिवशी सापडल्या. आम्ही पोलिसांना सांगितले सहाव्या दिवशी. मधले दोन दिवस आम्ही घरात विचार करीत होतो, की लोक काय म्हणतील, खोटी तक्रार दिली म्हणून आमच्यावरच काही येईल काय, मास्तरांच्या घरची अब्रू ती काय राहील. सातव्या दिवशी बापलेक सुटले. बाजारच्या रस्त्याने ते जाताना आम्ही पाहिले. बाप मुलाच्या खांद्यावर हात ठेवून चालत होता. आठवड्याच्या आत पाले उठली.

कन्या काही बोलली नाही. तिने ताट आवरले. सकाळी तिने आईला एवढेच विचारले, "त्या बाईचं नाव काय होतं?" आम्हां दोघांनाही ते ठाऊक नव्हते. दुपारभर अंगणात बसलेल्या बाईचे नाव विचारावे असे आम्हांला वाटले नव्हते. मुलाचेही नाही. पुढे आम्ही फादरांकडे प्रायश्चित्त घेतले. फादरांनी विचारले, "ज्यांचा अपराध केला, त्यांना भेटलात का?"

कन्येचा अभ्यासक्रम २०२४ मध्ये पूर्ण झाला आणि आता ती मुंबईतच कच्च्या कैद्यांसाठी काम करते. त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने, सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या पीठाने, पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर निकाल दिला. तुरुंगाच्या नियमपुस्तिकांतील जातीनुसार कामे वाटण्याच्या तरतुदी घटनाबाह्य ठरल्या आणि कैद्यांच्या नोंदवहीतला जातीचा रकाना काढून टाकण्याचा आदेश झाला. विमुक्त जमातींच्या माणसांना जन्मतःच सराईत मानणाऱ्या नियमांवरही न्यायालयाने कोरडे ओढले. कन्येने फोनवर निकालाचे काही परिच्छेद वाचून दाखविले. इंग्रजी अवघड होते, तरी आम्ही शेवटपर्यंत ऐकले. १९५२ ते २०२४, म्हणजे बहात्तर वर्षे. मुलगा त्या वेळी चौदाचा धरला, तर आज चाळिशी केव्हाच ओलांडून गेला असेल.

आम्ही तेव्हा ज्यांच्या घरात भाड्याने राहत होतो ते घरमालक वृद्ध झाले आहेत, पण त्यांची स्मृती शाबूत आहे असे कळते. त्यांची विहीर माळालगतच होती आणि पालावरची माणसे पाण्याला तेथे येत. नाताळला कन्या आली की तिघांनी तेथे जायचे ठरले आहे.