210व्या क्रमांकाचा पुरावा

डेट्रॉइट रेड विंग्जचा चाहता झालात की एक किस्सा आपोआप पाठ होतो. 1999च्या ड्राफ्टमध्ये हेन्रिक झेटरबर्ग 210वा निवडला गेला आणि 2008मध्ये स्टॅन्ली कप जिंकताना प्लेऑफमधला सर्वोत्तम खेळाडू ठरला. पावेल दात्सुक त्याच्या आदल्या वर्षीचा, 171वा. बर्फावरच्या हॉकीत दरवर्षी संघ मिसरूड फुटणाऱ्या पोरांची आळीपाळीने निवड करतात. त्याआधी जाणकार त्यांची क्रमवारी लावतात. ती क्रमवारी थोतांड आणि आमचे स्काउट त्रिकालज्ञ, असं मी कैक वर्षं छातीठोकपणे सांगत आलो.

आता सांगत नाही. झेटरबर्ग एवढा मोठा होणार हे डेट्रॉइटला ठाऊक होतं, तर ते 210व्या क्रमांकापर्यंत थांबले कशाला? मधेच कुणी उचलला असता तर? त्याच ड्राफ्टमध्ये त्यांनी त्याच्याआधी दुसऱ्यांना घेतलं होतं!

मग ज्याच्या आम्ही आरत्या ओवाळतो तो 1989चा ड्राफ्ट पुन्हा पाहिला. निकलास लिडस्ट्रॉम 53वा. पुढे सात वेळा सर्वोत्तम बचावपटूची नॉरिस ट्रॉफी. पण त्याच्याआधी आमच्याच संघाने माइक सिलिंजर आणि बॉब बॉग्नर यांना पसंती दिली होती. सर्गेई फेडोरोव्ह 74वा, व्लादिमीर कॉन्स्टँटिनोव्ह 221वा. या दोघांचा खेळ कुणाला दिसत नव्हता असं थोडंच आहे? सोव्हिएत संघ त्यांना सोडेल का, हा खरा घोर होता. फेडोरोव्ह 1990मध्ये गुडविल गेम्सच्या वेळी आपला संघ सोडून पळून आला, तेव्हा कुठे ती निवड फळली. डेट्रॉइटने इतरांना न दिसलेलं काही पाहिलं नव्हतं. इतरांना नको असलेला धोका पत्करला होता. हे श्रेय मला दिव्यदृष्टीपेक्षा मोठं वाटतं. शिवाय त्यांना घाई नव्हती. लिडस्ट्रॉम 1991पर्यंत आणि झेटरबर्ग 2002पर्यंत स्वीडनमध्येच खेळून तयार झाला.

क्रमवारीवर मात्र अजूनही डोळे मिटून विश्वास बसत नाही. 2018मध्ये फिलिप झादिना सहाव्या क्रमांकापर्यंत घसरून आमच्या पदरात पडला तेव्हा लॉटरी लागल्यासारखा जल्लोष झाला. 2023मध्ये करार मोडून तो गेला. 2019मध्ये त्याच सहाव्या क्रमांकावर मोरित्झ सायडर घेतला तेव्हा अनेकांनी नाकं मुरडली (मीही त्यांतलाच), आणि 2022मध्ये तो सर्वोत्तम नवोदिताची कॅल्डर ट्रॉफी घेऊन गेला.

तरी या एका जोडीवरून याद्या फाडून टाकाव्यात असं आता वाटत नाही. दात्सुक आणि झेटरबर्ग शोधणारा हाकान अँडरसन पुढेही अनेक वर्षं याच संघासाठी युरोप पालथा घालत होता. सातव्या फेरीत दुसरा झेटरबर्ग काही त्याला सापडला नाही.