विहिरीवर आधी कोण गेलं?

मागच्या २५ डिसेंबरला महाडला गेलो होतो. क्रांतिस्तंभापाशी गर्दी, पुस्तकांचे स्टॉल, भीमगीतांचे भोंगे, सगळं नेहमीसारखं. चहाच्या टपरीवर आमच्या पोलादपूरकडचा एक पोरगा भेटला. जयभीम झाला. पोरगा स्पर्धा परीक्षा देतोय. त्यानं पिशवीतनं वहीच काढली. म्हणाला, "काका, अमेरिकेतल्या गुलामगिरीच्या युद्धाला कलाटणी कुठं मिळाली? एका पुस्तकात गेटिसबर्ग हाय, दुसऱ्यात अँटिटम. खरं काय धरू?"

मी म्हणालो, "परीक्षेत गेटिसबर्ग लिही."

पोरगा गेला. मी एसटीनं घरी आलो. पण रात्री डोळ्याला डोळा लागेना. कारण या प्रश्नाचं दुसरं उत्तर मला १९७८ सालीच मिळालं होतं. ते मी आजवर कुठल्याच भाषणात सांगितलं नाही. त्यात माझी लाज आहे, म्हणून सांगितलं नाही. आता सांगतो.

तेव्हा मी वीस वर्षांचा. मुंबईला डिलाईल रोडच्या चाळीत बापाच्या खोलीवर राहत होतो. दिवसा काम, रात्री कॉलेज, आणि मधल्या वेळेत चळवळ. पँथर १९७२ ला निघाली तिचं नावच अमेरिकेतल्या काळ्या पोरांकडून आलेलं. त्यामुळे आम्हां पोरांना अमेरिकेचं वेड. मिळेल ते वाचायचं. लिंकन, फ्रेडरिक डग्लस, सगळं तोंडपाठ. जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' लिहिलं ते गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केलं, हेही ठाऊक. डोकं भरलेलं होतं. पायांचं नंतर कळलं.

मे महिन्यात गावी आलो. पोलादपूरच्या वरच्या अंगाला, सावित्रीच्या खोऱ्यात आमचं गाव. आपली वस्ती खाली, गाव वर. उन्हाळ्यात आपल्या बाया नदीत झरा उकरायच्या आणि वाटीवाटीनं हंडा भरायच्या. त्या वर्षी झराही आटला. वर गावात विहीर, तिला बारा महिने पाणी. पंचायतीनं कधीच ठराव केलेला, की विहीर सार्वजनिक आहे, सर्वांना खुली आहे. ठराव दप्तरात होता. विहिरीवर आपलं कोणी गेलेलं नव्हतं.

मी वस्तीत सभा लावली. पेट्रोमॅक्स आणला. तासभर बोललो. १२ एप्रिल १८६१ ला तोफ डागली तिथपासून सुरुवात केली. दक्षिणेची राज्यं गुलाम राखायचे म्हणून देशातनं फुटली, तेव्हा तिथं चाळीस लाखांच्या आसपास माणसं गुलाम होती, हे सांगितलं. सप्टेंबर १८६२ ची अँटिटमची लढाई, एका दिवसात दोन्हीकडची मिळून तेवीस हजारांच्या घरात माणसं मेली, जखमी झाली, बेपत्ता झाली. त्यानंतर पाच दिवसांनी लिंकननं जाहीर केलं, की बंडखोर राज्यांतले गुलाम नव्या वर्षापासून मुक्त. १ जानेवारी १८६३ ला जाहीरनामा निघाला. मग जुलै १८६३ : तीन दिवस गेटिसबर्ग, आणि चार तारखेला व्हिक्सबर्ग पडलं, मिसिसिपी नदी उत्तरेच्या हातात आली. मग सप्टेंबर १८६४ ला अटलांटा पडलं, म्हणून नोव्हेंबरात लिंकन पुन्हा निवडून आला. ९ एप्रिल १८६५ ला जनरल लीनं शस्त्र खाली ठेवलं. टाळ्या पडल्या. शेवटी मी गरजलो, "उद्या आपण विहिरीवर जायचं!"

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सहा पोरं कळशा घेऊन निघालो. पुढं मी. विहिरीजवळच्या पारावर गावातले चारपाच जण बसलेले. कुणी काठी उचलली नाही. कुणी शिवी दिली नाही. एकानं फक्त विचारलं, "काय रं, कुठं निघालास?"

मी म्हणालो, "काय नाय, असंच."

आणि वळलो. माझ्यामागं पाचही वळले. रिकाम्या कळशा घेऊन खाली आलो. एवढंच झालं. मार खाल्ला असता तर आज छाती काढून सांगितलं असतं. मार न खाताच पळालो, हे कसं सांगणार?

आजा ओटीवर बसलेला. त्यानं कळशी बघितली आणि काही बोलला नाही. आजाचा बाप पलटणीतला पेन्शनर. २० मार्च १९२७ ला दोघं बापलेक महाडला होते, पोलादपुरावरून चालत गेलेले. रात्री जेवण झाल्यावर आजा म्हणाला, "काल तू लय मोठमोठी नावं घेतलीस. लढाया सांगितल्यास. पन येक सांग. तुजी ती काली मान्सा, ती सोता कवा गेली रं तल्यावर?"

मला उत्तर देता येईना. कारण माझ्या भाषणात सगळे गोरेच होते. गोरे लढत होते, गोरे हुकूम काढत होते. काळे फक्त मुक्त होत होते.

मुंबईला परत गेलो आणि तीच पुस्तकं पुन्हा वाचली. आता आजाचा प्रश्न घेऊन वाचली. मग दिसायला लागलं.

लढाई सुरू होऊन दीड महिनासुद्धा नीट उलटला नव्हता. मे १८६१. व्हर्जिनियात फोर्ट मन्‍रो नावाचा उत्तरेचा किल्ला. तिथं एका रात्री तीन गुलाम होडीनं पळून आले. मालकाचा माणूस मागायला आला. किल्ल्यावरचा जनरल बटलर वकील होता. तो म्हणाला, तुम्ही यांना मालमत्ता म्हणता ना? मग ही शत्रूची मालमत्ता, आम्ही जप्त केली. त्यानं त्यांना माणूस म्हटलं नाही. पण परत दिलं नाही. ही बातमी मळ्यामळ्यांतनं पसरली आणि माणसं निघाली. शेकड्यांनी, मग हजारांनी. बाया कडेवर पोरं घेऊन. त्या वेळी लिंकन काय म्हणत होता? ही लढाई देश एक ठेवण्याची आहे, गुलामांसाठी नाही. त्याच्या एका सेनापतीनं मिसूरीत मुक्तीचा हुकूम काढला तर तो लिंकननं फिरवला. आणि इकडं गुलाम चालत होते. मळे ओस पडत होते. दक्षिणेचं कापूस, धान्य, खंदक, सगळं ज्या हातांवर चाललेलं ते हातच निघून जात होते. डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस या काळ्या विद्वानानं १९३५ साली लिहिलं, की हा गुलामांचा सार्वत्रिक संप होता. याच डुबॉइसला बाबासाहेबांनी १९४६ साली पत्र लिहिलं होतं.

म्हणजे जाहीरनामा आला तो चालणाऱ्यांच्या मागनं आला. आणि तोही अर्धा. उत्तरेच्या बाजूनं राहिलेल्या राज्यांतल्या गुलामांना तो लागूच नव्हता. पण त्यात एक कलम होतं, काळ्यांना फौजेत घेण्याचं. इथं चाक फिरलं. युद्ध संपेपर्यंत पावणेदोन लाखांच्या वर काळे शिपाई झाले. डग्लसचे दोन पोरगे ५४व्या मॅसॅच्युसेट्स पलटणीत. त्या पलटणीनं १८ जुलै १८६३ ला फोर्ट वॅग्नरवर चाल केली, माणसं कापली गेली, पण काळा लढतो का हा प्रश्न संपला. पगार मात्र गोऱ्यापेक्षा कमी. त्यांनी काय केलं? कमी पगार घ्यायलाच नकार दिला. पगाराविना लढले. जून १८६४ मध्ये काँग्रेसला समान पगाराचा कायदा करावा लागला.

हे वाचताना मला आपली पलटण आठवली. महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर पलटणीतनं पेन्शन घेऊन आले आणि अस्पृश्यतेवर लिहू लागले. इंग्रजानं महारांची भरती बंद केली तेव्हा १८९४ साली त्यांनीच अर्ज केला. ज्यानं एकदा बंदूक धरली त्याला 'लांब हो' म्हटलेलं सहन होत नाही. १९२७ ला महाडच्या मांडवात असे किती तरी पेन्शनर बसले होते.

आता महाड बघा. १९२३ साली मुंबई कौन्सिलात बोल्यांचा ठराव पास. सार्वजनिक पाणवठे खुले. १९२४ साली महाड नगरपालिकेनं चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. पाण्यावर आपला एक माणूस नाही. तीन वर्षं ठराव दप्तरात. मग दासगावच्या रामचंद्र बाबाजी मोऱ्यांसारख्या तरुणांनी परिषद घडवून आणली, आणि २० मार्च १९२७ ला बाबासाहेब पुढं, मागं ती सगळी माणसं, तळ्यावर गेली. ओंजळभर पाणी. आजा सांगायचा, "पान्याला चव काय नवती रं. पन हात कापत हुते." म्हणजे हात त्याचेही कापत होते! फरक एवढाच की तो वळला नाही.

आणि वळण घेतलं म्हणजे रस्ता संपला असं नाही. त्याच दिवशी मंदिरात घुसणार अशी हूल उठवून सवर्णांनी जेवणाऱ्या माणसांवर हल्ला केला. पेन्शनर उलटून मारायला तयार होते, बाबासाहेबांनी आवरलं. मग शेणमुताचे, दह्यादुधाचे १०८ घडे ओतून तळं 'शुद्ध' केलं. ४ ऑगस्टला नगरपालिकेनं आपलाच ठराव मागं घेतला. डिसेंबरात सत्याग्रह ठरला तर १४ तारखेला कोर्टाची तात्पुरती मनाई आली. २५ ला मनुस्मृती जाळली. सत्याग्रह तहकूब केला, तळ्याभोवती मिरवणूक काढली आणि कोर्टात लढाई केली. हायकोर्टाचा निकाल लागला १७ मार्च १९३७ ला. एका ओंजळीला दहा वर्षं.

तिकडंही तेच. डिसेंबर १८६५ मध्ये तेरावी घटनादुरुस्ती होऊन गुलामगिरी गेली. पण तीत गुन्ह्याची शिक्षा म्हणून सक्तीचं काम चालेल अशी फट ठेवली, आणि त्या फटीतनं काळ्यांना पुन्हा साखळ्या घातल्या. जनरल शर्मननं जानेवारी १८६५ मध्ये किनाऱ्यावरच्या जमिनी मुक्त झालेल्यांना देण्याचा हुकूम काढला होता, घरटी चाळीस एकरांपर्यंत. लिंकनचा खून झाला, जॉन्सन आला, वर्षाच्या आत त्यानं जमिनी जुन्या मालकांना परत दिल्या. १८७७ ला उत्तरेनं उरलंसुरलं सैन्य बाजूला घेतलं आणि दक्षिण पुन्हा मालकांच्या ताब्यात गेली. मत गेलं, शाळा वेगळी, नळ वेगळा. बाबासाहेबांना हे दिसत होतं. तळ्याचा निकाल मार्चात लागला, आणि १७ सप्टेंबर १९३७ ला त्यांनी मुंबईच्या असेंब्लीत खोती रद्द करण्याचं बिल मांडलं. पाण्यानंतर लगेच जमीन.

आता आमच्या विहिरीचं सांगतो. मी मुंबईला पळालो त्याच आठवड्यात माझी काकी हंडा घेऊन एकटी वर गेली. तिनं लिंकन ऐकला नव्हता. घरी पोर तापानं फणफणलेलं आणि थेंबभर पाणी नव्हतं. पारावरच्यांनी विचारलं, "कुठं गं?" ती म्हणाली, "दिसत न्हाय? पान्याला." रहाट फिरवला, हंडा भरला, खाली आली. दुसऱ्या दिवशी चार बाया गेल्या. तिसऱ्या दिवशी सगळ्या. मग गावानं बहिष्कार घातला. गिरणी बंद, दुकान बंद. आगोट लागली, लावणी आली, आणि आपल्या बाया शेतात नाहीत. रोपं पिवळी पडायला लागली तेव्हा वरून बोलावणं आलं. विहीर तेव्हापासून खुली आहे.

आज घरोघर नळ आहेत. त्या विहिरीत आता गाळ आहे. पण वस्तीतल्या पंचवीस घरांपैकी सातबारा किती जणांचा, ते मोजायला एका हाताची बोटं पुरतात. पाणी आलं, जमीन आली नाही. चाळीस एकर सोडा, चाळीस गुंठेसुद्धा नाहीत.

म्हणून त्या पोराला, आणि तुम्हां सगळ्यांना सांगतो. परीक्षेत गेटिसबर्ग लिहा, मार्क मिळवा, नोकरी घ्या, ते हवंच आहे. पण वस्तीत बोलायला उभे राहाल तेव्हा मी केलं तसं करू नका. तारखा सांगाल तर त्या रात्री होडीत बसलेल्या तिघांचंही सांगा. ठराव दाखवाल तर विचारा, यावर चालत कोण गेलं? आणि दुसऱ्या दिवशी कुणी "कुठं निघालास?" विचारलं तर जिथं निघालात ते नीट नाव घेऊन सांगा.

काकी जाऊन अकरा वर्षं झाली. पंचायतीच्या ठरावात तिचं नाव नाही. माझ्या भाषणातही नव्हतं. आता लिहिलं.

जयभीम.