डब्यावर नाव

ऑक्टोबर लागला की माझ्या फोनवर अनोळखी नंबर दिसू लागतात. माझा नंबर त्यांना कुणाच्या तरी मावसबहिणीच्या नणंदेनं दिलेला असतो. पलीकडे नांदेडचा, चिपळूणचा नाहीतर जळगावचा मुलगा किंवा मुलगी असते. जर्मनीतल्या आखेनच्या विद्यापीठात प्रवेश मिळालेला असतो, दोन बॅगा आणि एक कुकर घेऊन स्वारी नुकतीच उतरलेली असते. सुरुवातीची काही वर्षं ही मुलं मला ताई म्हणत. अलीकडे काकू म्हणतात. तक्रार नाही. काकूला माणूस मोकळेपणानं विचारतो.

त्यांचे प्रश्न ठरलेले असतात. तूरडाळ कुठे मिळते, जॅकेट केवढ्याला पडेल, पार्टटाइम काम कधी मिळेल. त्यांची उत्तरं मी नंतर देते. आधी माझा प्रश्न: "डब्यावर नाव लावलंस का?"

पलीकडे शांतता. डबा म्हटल्यावर त्यांना स्टीलचा डबा आठवतो, आणि त्यांची चूक नाही. आपल्याकडे नाव घालतात ते भांड्यावर. मी २०११ साली सांगलीहून आले तेव्हा नाव घातलेली एकच वस्तू माझ्याजवळ होती, ती म्हणजे मिसळणाचा डबा. त्यावरचं नावही माझं नव्हतं, आजीचं होतं.

मी म्हणते तो डबा टपालाचा. इथल्या इमारतींत घराला बहुधा नंबरच नसतो. पत्त्यात रस्ता, इमारतीचा क्रमांक, पिनकोड आणि गाव एवढंच येतं. मजला नाही, 'देवळामागे' नाही, 'पिठाच्या गिरणीसमोर' तर नाहीच. खाली दारापाशी बेलच्या बटणांची रांग आणि पत्रपेट्यांची रांग, प्रत्येकीवर बोटभर पट्टीत आडनाव. पोस्टमन आडनाव शोधतो. सापडलं तर पत्र आत, नाही सापडलं तर पत्र परत. वॉचमन नाही, खाली वाण्याचं दुकान नाही. "अहो, ती नवीन मुलगी कुठे राहते?" असं विचारणार कुणाला?

हे मला कुणी सांगितलं नव्हतं. पॉन्टस्ट्रासेच्या मागे एका फ्लॅटमध्ये मला तीन महिन्यांसाठी खोली मिळाली होती. पॉन्टस्ट्रासे म्हणजे विद्यार्थ्यांच्या खाण्यापिण्याचा रस्ता, एका टोकाला मध्ययुगातली वेस, पॉन्टटोर. मी बँकेत गेले, सह्या केल्या. बाई हसून म्हणाल्या, कार्ड पोस्टानं येईल, पिन वेगळ्या पत्रानं येईल. आरोग्यविम्याच्या ऑफिसात गेले, तिथेही तेच. इथे कुठल्याही खिडकीपाशी उभं राहा, उत्तर एकच: पत्र येईल.

पाच आठवडे पत्र आलं नाही. व्हिसासाठी वर्षाचा खर्च आधीच एका खात्यात भरून ठेवावा लागतो आणि त्यातून महिन्याला ठरलेली रक्कमच हाती येते. सध्या तो आकडा वर्षाला ११,९०४ युरो, म्हणजे महिन्याला ९९२ असा आहे. माझ्या वेळी कमी होता. पैसे माझेच, पण कार्डाशिवाय हात लावता येईना. बाबांनी निघताना दिलेल्या नोटांतून भाडं दिलं आणि उरलेल्या दिवसांत भात आणि मेतकूट. घरी फोनवर सांगत होते, सगळं मस्त चाललंय. मनातून खात्री झाली होती की माझं जर्मन इतकं वाईट आहे की मी भलत्याच कागदांवर सह्या केल्यात.

शेवटी फ्लॅटमधल्या मुलीनं विचारलं, "डब्यावर तुझं नाव आहे का?" आम्ही खाली गेलो. डब्यावर तिचं नाव, तिच्या मित्राचं नाव, आणि माझ्या खोलीत आधी राहून गेलेल्या स्पॅनिश मुलाचं नाव. त्याचं पत्र आलं असतं तर मिळालं असतं. माझ्या आडनावात रोमन अक्षरं अकरा आणि पट्टी बोटभर, त्यामुळे शेवटची दोन अक्षरं मान वाकवून बसवली. पावसानं शाई फुटू नये म्हणून वरून सेलोटेप. आखेनमध्ये पाऊस असतोच.

माझा तेव्हापासूनचा समज असा की नव्या मुलांचे हाल भाषेनं किंवा थंडीनं होतात त्याहून जास्त विचारण्याच्या सवयीनं होतात. आपलं अर्धं आयुष्य विचारून चालतं. फॉर्म कुठला भरायचा हे खिडकीवर विचारायचं, परीक्षेला काय येणार हे सरांना विचारायचं, बस कुठली हे शेजारच्याला. इथे लोक तुसडे नाहीत, विचारलं तर नीट सांगतात. पण सगळं आधीच कुठेतरी लिहिलेलं असतं आणि ते तुम्ही वाचलं असणार असं धरून चालतात. राहायला आल्यापासून दोन आठवड्यांत पालिकेच्या ऑफिसात पत्त्याची नोंद करायची, त्याला आनमेल्डुंग म्हणतात. परीक्षेला बसायचं तर त्याचीही नोंद आपणच मुदतीत करायची. मुदत गेली की गेली.

बाकीच्या गोष्टी मुलं आपोआप शिकतात. वेळापत्रकात दहा लिहिलेलं असलं तरी तास बऱ्याचदा सव्वादहाला सुरू होतो. तास संपला की सगळे बाकावर मुठी ठोकतात. तो निषेध नसतो, टाळ्या असतात. गुणांचं मात्र घरच्यांना समजावावं लागतं. इथे १ सर्वांत चांगला आणि ५ म्हणजे नापास. एका मुलीनं आनंदानं घरी कळवलं, "बाबा, १.३ मिळाले!" बाबा बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "असू दे बेटा, पुढच्या वेळी."

रविवार मात्र शिकवावा लागतो. दुकानं बंद, रस्ते सुने, आणि पहिल्या महिन्यात रडू येतं ते बहुधा रविवारीच. त्यावर आखेनकरांचा जुना इलाज आहे. गावाच्या पश्चिमेला बस सीमा ओलांडून नेदरलँड्समधल्या फाल्सला जाते आणि तिथलं सुपरमार्केट रविवारीही उघडं असतं. कांदे संपले म्हणून परदेशात जाऊन आलेली माणसं इथे घरोघर सापडतील. घरी हे सांगितलं तर कुणाला पटत नाही. नव्या मुलांना मी पहिल्या रविवारी फाल्सला पाठवते. परतताना एलिझेनब्रुनेनच्या कारंज्यापाशी उतरायला सांगते. तिथल्या गरम पाण्याला गंधकाचा, सडक्या अंड्यासारखा वास येतो. कोकणातली मुलं नाक मुरडत नाहीत. "उन्हवऱ्याच्या गरम झऱ्याला असाच येतो," म्हणतात आणि खूश होतात.

ऑक्टोबरचा शेवटचा रविवार आला की घड्याळं तासभर मागे जातात. भारताशी साडेतीन तासांचं अंतर साडेचार होतं. आई नेहमीच्या वेळी फोन करते आणि मुलगा अजून वर्गात असतो. डिसेंबरात साडेचारला अंधारतं. या दोन महिन्यांत मी मुलांना जरा जास्त फोन करते.

यंदा लातूरचा एक मुलगा आला. हुशार, पण हट्टी. "काकू, तीनच महिने राहायचंय, कशाला नाव लावू?" मी माझी भात-मेतकुटाची गोष्ट सांगितली. त्यानं नाव लावलं, पण उपकार केल्यासारखं. आठ दिवसांनी फोन. "काकू, माझ्या नावाचं पहिलं पत्र आलं!" आवाजात आनंद मावत नव्हता. पत्रात काय होतं ते मला न उघडताच ठाऊक होतं. रेडिओ-टीव्हीच्या शुल्काची मागणी, महिन्याला १८.३६ युरो. "पण काकू, माझ्याकडं टीव्हीच नाही!" नसू दे. शुल्क घरटी आहे, टीव्हीमागे नाही. फ्लॅटमधला एकजण भरत असेल तर त्याचा क्रमांक कळवायचा, म्हणजे सुटलो. तसंच झालं.

दिवाळीला त्याच्या आईनं फराळ पाठवला. पत्त्यात 'चि.' लावून त्याचं नाव, वडिलांचं नाव, मग माझं नाव 'यांचे मार्फत' म्हणून, आणि खाली त्याच्या इमारतीचा क्रमांक. आडनाव लिहायचं राहिलं. वडिलांच्या नावाचा डबा त्या इमारतीत कुठून असणार? पार्सल गावभर फिरून पोस्टात जाऊन पडलं. आम्ही दोघं पासपोर्ट घेऊन गेलो, काउंटरवरच्या बाईंना नावांची कुळकथा ऐकवली, आणि दिवाळीनंतर अकराव्या दिवशी ते सोडवून आणलं.

तेव्हा लातूरच्या, सांगलीच्या आणि बाकी सगळ्या गावच्या आयांनो, पार्सल पाठवण्याआधी एवढंच विचारा: डब्यावर नाव काय लावलंयस? ते जसं आहे तसंच, त्याच स्पेलिंगनं लिहा. माझं नाव घातलं नाही तरी चालेल. आणि चकल्या नका पाठवू, त्यांचा इथवर येईतो भुगा होतो. चिवडा पाठवा.