पठारावरचे पशुधन

सेमिनरीत शिकलेले लॅटिन बरेचसे पुढे विस्मृतीत गेले. पण काही शब्दांच्या जोड्या मनात रुतून बसल्या त्या कायमच्या. ‘पेकुस’ म्हणजे गुरेढोरे आणि त्यापासूनच झालेला ‘पेकुनिया’ म्हणजे पैसा, ही त्यांपैकी एक. आपल्या मराठीनेही हे नाते ‘गोधन’, ‘पशुधन’ या शब्दांत जपले आहे. तिबेटी भाषा याहून एक पाऊल पुढे गेलेली दिसते. तेथे ‘नोर’ म्हणजे संपत्ती, आणि ‘नोर’ म्हणजेच याक आदी गुरे.

तिबेटकडे आमचे लक्ष प्रथम वळले ते पाद्री आंतोनियो द आंद्रादे यांच्यामुळे. हे पोर्तुगीज येशूसंघीय १६२४ साली आग्र्याहून निघाले आणि बर्फाने भरलेली माणा खिंड ओलांडून पश्चिम तिबेटातील त्सापरांग येथे पोहोचले. १६२६ मध्ये त्यांनी तेथे चर्चची पायाभरणी केली, आणि १६३४ साली गोव्यात त्यांचे निधन झाले. ते मिशन फार काळ टिकले नाही. त्या पठारावरील पशुपालक मात्र, ज्यांना तिबेटी लोक ‘द्रोक्पा’ म्हणतात, आजही आहेत. आणि आमचे कुतूहल हळूहळू पाद्रीबाबांकडून त्यांच्याकडे सरकले.

या लोकांविषयी एक गोड समजूत प्रचलित आहे. हे निसर्गाचे भोळे पुत्र, दुधा-मांसावर जगणारे, व्यवहार न जाणणारे. बाजाराने त्यांना आता प्रथमच गाठले, असे ती समजूत सांगते. वस्तुस्थिती वेगळी आहे. साडेचार हजार मीटरांच्या वर धान्य जवळजवळ पिकतच नाही, आणि द्रोक्प्याचे रोजचे अन्न तर त्साम्पा, म्हणजे जव भाजून केलेले पीठ. आपल्या सातूच्या पिठाचा सख्खा भाऊच. ते खालच्या खोऱ्यातील शेतकऱ्यांकडूनच यायचे. म्हणून उत्तरेकडील सरोवरांच्या काठचे मीठ गोळा करून, मेंढ्यांच्या पाठीवर लहान लहान पिशव्या लादून, आठवडेच्या आठवडे चालत जायचे आणि मीठ, लोणी व लोकर यांच्या बदल्यात जव आणायचा. चहाच्या विटा यायच्या त्या सिचुआनकडून. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तिबेटी लोकर कालिंपोंगच्या वखारींतून थेट अमेरिकेपर्यंत जात होती. बाजार त्यांना ठाऊक होताच. फरक इतकाच की मीठ आणि जव यांची घासाघीस समोरासमोर, पिढ्यान्‌पिढ्यांच्या ओळखीत होई.

मध्यंतरी कम्यूनचे पर्व येऊन गेले. मेल्विन गोल्डस्टीन व सिंथिया बील हे दोन अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ १९८६ ते १९८८ या काळात पश्चिम तिबेटातील फाला येथील पशुपालकांमध्ये राहून आले. तेथील कम्यून १९८१ साली मोडली आणि तिची जनावरे माणसागणिक सारखी वाटली गेली. म्हातारा असो वा पोर, वाटा एकच. परंतु अवघ्या काही वर्षांत काही घरांचे कळप फुगले, तर काही घरांतील माणसे दुसऱ्यांची गुरे राखू लागली. बर्फाचे एखादे वादळ, घरातले आजारपण, राखणीतली हुशारी किंवा हयगय एवढे त्याला पुरेसे होते.

त्यानंतर रस्ते आले, ट्रक आले, आणि एक अळी आली. तिला तिबेटीत ‘यार्त्सा गुन्बू’ म्हणतात, म्हणजे उन्हाळ्यात गवत, हिवाळ्यात किडा. उत्तराखंडातील लोक तिला कीडाजडी म्हणून ओळखतात. जमिनीत राहणाऱ्या एका पतंगाच्या अळीला बुरशी ग्रासते, अळी मरते, आणि तिच्या डोक्यातून काडीसारखा कोंब मातीबाहेर डोकावतो. चिनी वैद्यकात तिला पूर्वापार मान होताच. १९९३ साली स्टुटगार्टच्या जागतिक मैदानी स्पर्धेत चिनी महिला धावपटूंनी पदके लुटली, त्यांच्या प्रशिक्षकाने त्याचे श्रेय या अळीलाही दिले, आणि पुढे तिचा भाव चढतच गेला. डॅनियल विंकलर या अभ्यासकाच्या अंदाजानुसार २००४ साली तिबेट स्वायत्त प्रदेशातील ग्रामीण जनतेच्या रोख उत्पन्नापैकी सुमारे ४० टक्के उत्पन्न हिच्यातून आले. मे-जूनमध्ये सारे घर, लहान मुलांच्या तीक्ष्ण डोळ्यांसह, डोंगराच्या उतारावर ओणवे पडून कोंब शोधत असते. कित्येक ठिकाणी त्यासाठी शाळांना सुट्टी देतात. त्या पैशातून मोटरसायकल येते, तांदूळ येतो, मुलांचे शिक्षण होते. याक विकावा लागत नाही, हा त्यातला मोठा लाभ. डोंगरांच्या हद्दींवरून मारामाऱ्या होऊन माणसे दगावली, हेही खरे. आणि २०२० मध्ये जागतिक निसर्ग संवर्धन संघटनेने या बुरशीची नोंद धोक्यातील प्रजातींत केली.

कुंपणांविषयी थोडक्यातच सांगतो. कुरणे घराघरांत विभागून तारा ठोकल्या गेल्या; काही ठिकाणी शेजाऱ्यांनी आपसांत ठरवून कळप पुन्हा एकत्र चारायला सुरुवात केली, आणि आम्हांला ते शहाणपणाचे वाटते. २००३ नंतर कुरणे वाचवण्याच्या नावाने अनेक कुटुंबांना कळप विकून सरकारी वसाहतींत जावे लागले. ज्यांनी जन्मात दूध आणि शेण विकत घेतले नव्हते, त्यांना आता चुलीसाठी गोवऱ्यासुद्धा रोख पैसे मोजून आणाव्या लागतात. याउलट गान्सू प्रांतातील रितोमा गावी २००७ मध्ये ‘नोरल्हा’ ही कार्यशाळा सुरू झाली. तेथे पशुपालकांच्याच घरची माणसे याकची मऊ लोकर कातून, विणून तिच्या शाली करतात. त्या नावातही ‘नोर’ आहेच.

आम्हांला सर्वांत अधिक अंतर्मुख केले ते मात्र वेगळ्याच प्रकरणाने. सिचुआनमधील सेर्ता येथे खेन्पो जिग्मे फुन्त्सोक या लामांनी १९८० साली लारुंग गार हे विद्यापीठ स्थापन केले. नव्वदीच्या दशकात याकांनी खच्चून भरलेले ट्रक शहरांतील कत्तलखान्यांकडे जाऊ लागले. हिवाळ्याच्या तोंडाशी घरापुरते जनावर मारणे, तेही प्रार्थना पुटपुटत आणि पापाची टोचणी बाळगत, ही जुनी रीत. ही घाऊक विक्री निराळी होती. २०००च्या सुमारास खेन्पोंनी पशुपालकांना आवाहन केले की जनावरे कत्तलीसाठी विकू नका. गावेच्या गावे शपथ घेती झाली, कोणी तीन वर्षांची, कोणी आयुष्यभराची. इकडे सरकारी अधिकारी सांगत होते, अधिक विका, लवकर विका, विकास साधा.

धर्मगुरूने बाजाराविषयी बोलावे काय? आमचे उत्तर, बोलावे. कळपाला केवळ माल समजू नका, हे त्या माणसांना त्यांच्या लामांखेरीज कोण सांगणार होते? पण पुढचा भाग आम्ही दोनदा वाचला. ज्यांचा कळप मोठा, किंवा ज्यांच्या डोंगरावर अळी सापडते, त्यांना लोणी, चीज व अळी विकून शपथ पाळता आली. ज्याच्याकडे मोजकीच गुरे, त्याच्या हाती येणारा पैसाच थांबला. दवाखान्याचे बिल आणि धान्याची उधारी मात्र थांबली नाही. आज्ञा सर्वांना एकच होती, आणि ती देणाऱ्याची करुणाही खरी होती. गरिबाच्या चुलीचा हिशोब तिच्याबरोबर मांडला गेला असता तर बरे झाले असते, असे आमच्या व्यवसायातील माणसाला तरी वाटल्यावाचून राहत नाही.

तीन वर्षे सरल्यावर काही घरांनी शपथ पुन्हा घेतली, काहींनी घेतली नाही. आजही अनेक कळपांत ‘त्सेथर’ केलेले, म्हणजे जीवदान दिलेले, एखाद-दुसरे जनावर असते. त्याच्या कानात ओवलेल्या रंगीत धाग्यावरून ते ओळखू येते. ते विकायचे नाही, मारायचे नाही. म्हातारपणी आपल्या मरणाने मरेपर्यंत ते इतरांबरोबर चरत राहते, आणि घरधनी संध्याकाळी गुरे मोजतो तेव्हा तेही मोजतो.