मागच्या बैठकीवरची यात्रा

देवाला पायी जावे, असे जुनी माणसे सांगत. मोटारसायकलच्या मागच्या बैठकीवर बसून गेल्यास पुण्य किती लागते, हे कुणी सांगून ठेवलेले नाही. परंतु ताईने आदल्या रात्रीच फोनवर बजावले होते, "तो हल्ली धड बोलत नाही रे. जरा चाचपून बघ." तेव्हा पहाटे भाचा दारात फटफटी घेऊन उभा राहिला, आणि मी ते घमेल्यासारखे शिरस्त्राण चढवून मुकाट्याने मागे बसलो.

"मामा, घट्ट धरा हं!"

प्रथम चिंचवड. पवनेकाठी मोरया गोसावींची समाधी. पावसाळ्यात नदी फुगली की ती स्वतःच देवळात शिरते. त्या दिवशी मात्र ती शहाण्यासारखी पात्रात होती. भाचा बराच वेळ हात जोडून उभा राहिला. कारखान्यात चांगली नोकरी असलेल्या पोराला एवढे काय मागायचे असते, असे मला वाटून गेले.

पुढे भोसरी, मोशी. 1954 साली पिंपरीला पेनिसिलिनचा कारखाना स्थापन झाला. त्यानंतर या माळांनी हजारो घरांना भाकरी दिली, हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. पण मोशीच्या पुलाखालची इंद्रायणी पुढे आळंदीला जाते, आणि तिथे तिच्यावर तरंगणारा पांढरा फेस मी पाहिला आहे. त्यातच ओंजळ भरणाऱ्या म्हाताऱ्याही पाहिल्या आहेत.

चाकणला चक्रेश्वर. दशरथाच्या रथाचे चाक इथे पडले, म्हणून चाकण, अशी आख्यायिका. आज सगळे गाव चाकांवरच जगते, तेव्हा आख्यायिका रचणारा द्रष्टाच म्हणायचा! 1660 साली फिरंगोजी नरसाळ्याने शायिस्तेखानाच्या फौजेला जवळजवळ दोन महिने ज्या संग्रामदुर्गापाशी रोखले, त्याच्या उरलेल्या भिंती आम्ही धावत्या गाडीवरूनच पाहिल्या. मालट्रकांच्या गर्दीत थांबायचे कुठे?

शेवटी भामचंद्राचा डोंगर. पायथ्याच्या शिंदे-वासुली भागात 2008 साली एका परदेशी रसायन कंपनीच्या केंद्राविरुद्ध गावकरी आणि वारकरी उठले होते. चढण उभी, माझा दम दोनदा गेला. वर गुहेत महादेव. दुष्काळात व्यापार बुडाला, बायको गेली, तेव्हा तुकोबा याच डोंगरावर येऊन बसले, आणि धाकटा भाऊ कान्होबा शोधत शोधत इथवर आला, असे परंपरा सांगते. मग इंद्रायणीकाठी कर्जखतांची वाटणी झाली. कान्होबाचा वाटा त्याच्या हाती, आणि तुकोबांचा डोहात.

मी हे वर्गात सांगतो तसे, थोड्या ऐटीतच सांगत होतो. भाच्याने मध्येच विचारले, "कान्होबा रागावला नाही?"

"कशाबद्दल?"

"मामा, माझी नोकरी गेली. कंत्राट संपले. तीन महिने झाले. रोज डबा घेऊन निघतो, आणि इथे येऊन बसतो."

डोंगराची वाट याला न विचारता कशी ठाऊक, हे तेव्हा उमगले. ताईचा रोज पहाटेचा तो डबा! मला काहीच सुचेना. पिशवीतले केळे सोलून त्याच्या हातावर ठेवले.

"ताईला मी सांगू?"

"नको. मीच सांगतो. तुम्ही फक्त शेजारी थांबा."

गुहेत फोन लागेना. आम्ही बाहेर कड्यावर आलो. खाली कारखान्यांचे पत्रे उन्हात चकाकत होते. त्याने नंबर लावला. पलीकडून ताईचा आवाज मलाही स्पष्ट ऐकू आला, "काय रे, डबा खाल्लास का?"