मागे सरकत खेळणारा माणूस

1999 च्या हिवाळ्यात मी न्यू जर्सीत होतो. वाय-टू-केच्या कृपेने नोकरी मिळाली होती, पण संध्याकाळी करायचं काय हा प्रश्न होता. क्रिकेट दिसायचं नाही आणि बेसबॉल काही पचनी पडेना. ऑफिसात मॉन्ट्रियलचे एक वयस्कर गृहस्थ होते. त्यांनी मला आइस हॉकीची गोडी लावली.

सुरुवातीला मला पकच, म्हणजे खेळातली ती छोटी चकतीच, दिसायची नाही. गृहस्थ म्हणाले, "त्याच्यामागे डोळे पळवू नकोस. जो उलटा चाललाय त्याच्याकडे बघ." उलटा चालणारा म्हणजे डिफेन्समन. समोरून फॉरवर्ड सुसाट येतो आणि हा त्याच्याकडे तोंड करून मागच्या मागे स्केटिंग करत जातो. दोघांतलं अंतर काठीच्या टप्प्यात ठेवायचं. फार सोडलं तर समोरचा निवांत शॉट मारतो, फार जवळ गेलं तर बाजूने सटकतो. नजर पकवर ठेवायची नाही, छातीवर ठेवायची. हात हूल देतात, मान हूल देते. छाती मात्र माणूस जिकडे जाणार तिकडेच वळते. मग त्याला हळूहळू कडेच्या फळ्यांकडे रेटत न्यायचं. मी परळला शाळेच्या कबड्डी संघात उजवा कोपरा सांभाळायचो. चढाईवाल्याला आत येऊ द्यायचं आणि त्याची वाट बंद करायची, हा धंदा माझ्या ओळखीचा होता. मला खेळ कळायला लागला.

या गृहस्थांचं दैवत होतं लॅरी रॉबिन्सन. ओंटारिओतल्या शेतावर वाढलेला, सहा फूट चार इंचांचा, कुरळ्या केसांचा गडी. पोरांच्या टीव्ही कार्यक्रमातल्या पिवळ्या पक्ष्यावरून त्याला 'बिग बर्ड' म्हणत. मॉन्ट्रियल कॅनेडियन्सकडून तो 1973 पासून 17 मोसम खेळला आणि सहा स्टॅनली कप, म्हणजे लीगची अजिंक्यपदं, जिंकला. 1976-77 च्या मोसमातला त्याचा एक आकडा गृहस्थ जपासारखा म्हणायचे : अधिक 120. म्हणजे दोन्हीकडे सारखेच खेळाडू असताना हा बर्फावर असला, की मॉन्ट्रियलने केलेले गोल त्यांच्यावर झालेल्या गोलांपेक्षा वर्षभरात 120 ने जास्त. डिफेन्समनची किंमत मोजायचा याहून सरळ हिशेब मला तरी माहीत नाही. शेवटची तीन वर्षं तो लॉस एंजेलिसला खेळला. 20 मोसमांत एकदाही त्याचा संघ प्लेऑफच्या बाहेर राहिला नाही.

आणि हाच माणूस तेव्हा आमच्या न्यू जर्सी डेव्हिल्सचा सहायक प्रशिक्षक होता! मार्च 2000 मध्ये, मोसमाचे आठ सामने उरलेले असताना, डेव्हिल्सने मुख्य प्रशिक्षकाला घरी पाठवलं आणि सूत्रं रॉबिन्सनच्या हाती दिली. लॉस एंजेलिसला चार वर्षं मुख्य प्रशिक्षक म्हणून काढताना त्याच्या हाती फारसं काही लागलं नव्हतं. शिवाय स्वभावाने मवाळ. गृहस्थांनाच धास्ती वाटत होती.

मे महिन्यात प्लेऑफमधल्या सात सामन्यांच्या मालिकेत फिलाडेल्फियाविरुद्ध डेव्हिल्स 1-3 असे मागे पडले. चौथा सामना हरल्यावर या मवाळ माणसाने खोलीत शिरून कचऱ्याचा डबा उडवला आणि सगळ्यांना फैलावर घेतलं. पुढचे तिन्ही सामने डेव्हिल्सने जिंकले आणि अंतिम फेरी गाठली. त्या डब्याच्या कथेला मी स्वतः फार भाव देत नाही. स्कॉट स्टीव्हन्स आणि स्कॉट नीडरमायर हे डिफेन्समन आणि मागे गोलरक्षक मार्टिन ब्रोडर असताना डबा जागच्या जागी राहिला असता तरी चाललं असतं. पण गृहस्थांपुढे हे बोलायची सोय नव्हती.

डॅलसविरुद्धच्या अंतिम फेरीचा पाचवा सामना, 8 जून, आम्ही मेडोलँड्सला वरच्या मजल्यावर बसून पाहिला. जिंकले की कप इथेच मिळणार, म्हणून कोणी जागचं हलेना. तीन पूर्ण पिरियड 0-0. मग जादा वेळ, पुन्हा जादा वेळ, तिसऱ्यांदा जादा वेळ. मध्यरात्र उलटून गेल्यावर डॅलसच्या मोडॅनोने गोल केला. मी मात्र त्या रात्री बेंचकडे बघत होतो. डिफेन्सच्या जोड्या मिनिटाच्या आत आतबाहेर होत होत्या आणि त्यांच्या मागे तो उंच माणूस उभा होता. दोन दिवसांनी डॅलसला पुन्हा जादा वेळ लागला, आणि दुसऱ्या जादा वेळात आमच्या अर्नॉटने गोल केला आणि कप आला. आमचा सायकोरा जखमी होऊन हॉस्पिटलात होता. त्याची जर्सी अंगात चढवून रॉबिन्सन बर्फावर फिरला. मिरवणूक नाहीच, सत्कार झाला तो स्टेडियमच्या पार्किंगमध्ये. आमचं न्यू जर्सी असंच!

पुढच्या वर्षी अंतिम फेरीत सातव्या सामन्यात हार, जानेवारी 2002 मध्ये रॉबिन्सनची हकालपट्टी. 2005 मध्ये त्याला परत मुख्य प्रशिक्षक केलं, पण डिसेंबरात ताण आणि डोकेदुखी असह्य होऊन त्याने स्वतःच राजीनामा दिला. लोक हळहळले. मला त्यात वावगं काही दिसलं नाही. पोरांना उलटं स्केटिंग आणि अंतर राखणं शिकवायला त्याला आवडत होतं. वीस जणांचा संसार रोज डोक्यावर घ्यायला नाही. पुढे तो सान होजेला पुन्हा सहायक झाला.

2019 मध्ये सेंट लुइस ब्लूज जिंकले तेव्हा तो त्यांचा सल्लागार होता. खेळाडू, प्रशिक्षक असे सगळे धरून हा त्याचा दहावा कप. गृहस्थ तोवर निवृत्त होऊन मॉन्ट्रियलला परतले होते. मी फोन करून म्हटलं, "दहा झाले हो!"

"सहा," ते म्हणाले. "बाकीचे चार त्याने परदेशात नोकरी करून मिळवलेत."